उन्हाचा इशारा पाळायचा कसा?

नागपूरकरांना ऊन नवे नाही. २३ मे २०१३ रोजी शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मेअखेरच्या नवतपाची तयारी इथल्या घरोघरी मार्चमध्येच कूलर बाहेर काढून सुरू होते. महापालिकेचाही २०१६ पासून उष्णता कृती आराखडा आहे. हवामान खात्याचा इशारा लोकांपर्यंत पोहोचवणे, रुग्णालयांत शीत कक्ष, पाणपोया, दुपारी खुली राहणारी उद्याने असे त्याचे स्वरूप. ज्यांना उन्हाचा सर्वाधिक त्रास होतो, त्यांना या साऱ्याचा उपयोग करता येतो का, हे मात्र तपासून पाहायला हवे.

गेल्या काही उन्हाळ्यांत भर दुपारी शहरातील काही सिग्नल बंद ठेवले जातात. उपाय साधा, पण नेमका आहे. दुचाकी चालती असते तोवर वाऱ्याने घाम उडत राहतो. ती थांबली की वरून ऊन, खालून तापलेले डांबर आणि शेजारच्या इंजिनांची धग असा तिहेरी मारा होतो. दुचाकीस्वाराला काहीही वेगळे करायला न सांगता त्याचा त्रास कमी झाला. अर्थात, त्याच चौकात रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याचे काय, याचेही उत्तर शोधावे लागेल, कारण रस्ता त्याचाही आहे.

आता आपल्या नेहमीच्या सूचना पाहू. ‘भरपूर पाणी प्या’ ही पहिली. वैद्यकीयदृष्ट्या ती अचूक आहे. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून गरम झाली की शरीर बाहेर उष्णता टाकण्याऐवजी उलट ती घेऊ लागते. मग घामाचे बाष्पीभवन हाच एक मार्ग उरतो आणि त्यासाठी पाणी लागते. पण दिवसभर फुटपाथवर भाजी विकणारी बाई पाणी पिण्याचे टाळते, कारण जवळपास स्वच्छ स्वच्छतागृह नसते. बांधकामावरच्या मजूर स्त्रिया आणि रस्त्यावर ड्युटी करणाऱ्या महिला पोलिसांचीही हीच अडचण. त्यांना माहिती कमी नाही, सोय कमी आहे. पाणपोईशेजारी वापरता येण्याजोगे स्वच्छतागृह नसेल, तर त्या पाणपोईचा निम्मा उपयोग वाया जातो.

दुसरी सूचना, ‘दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका’. पगारी नोकराला ती पाळता येते. सकाळी ठिय्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला घरी बसणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडणे. ‘सेवा’ या असंघटित महिला कामगारांच्या संघटनेने ही अडचण ओळखून वेगळी वाट काढली. २०२४ मध्ये राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्रातील सुमारे ५० हजार सदस्य महिलांसाठी उष्णता विम्याची योजना होती. तापमानाने ठरलेली पातळी गाठली की नुकसानीचे पुरावे न मागता थेट खात्यात रक्कम जमा होते. रक्कम छोटी असते, बुडालेली सगळी मजुरी काही त्यातून भरून निघत नाही. पण उन्हात जाऊ नका असे सांगताना न जाण्याची किंमतही कुणीतरी उचलावी, हे त्यात मान्य केलेले आहे.

तिसरी अडचण मोजमापाची आहे. मैदानी भागात पारा ४० अंशांवर जाऊन सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असेल, किंवा सरळ ४५ अंश गाठेल, तेव्हा हवामान खाते उष्णतेची लाट मानते. मात्र टिनाच्या छपराखालची रात्र या आकड्यात दिसत नाही. दिवसभर तापलेले शरीर रात्री सावरते. खोलीच थंड झाली नाही तर थकवा दुसऱ्या दिवसावर साचतो. जूनमध्ये आणखी एक गोष्ट घडते. पारा उतरतो आणि इशारे थांबतात, पण हवेत दमटपणा वाढतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत उत्तम चालणारा कूलर त्या दिवसांत निकामी ठरतो. कारण शरीराचेच आहे. कूलरच्या ओल्या जाळीतले पाणी आणि अंगावरचा घाम, दोघांनाही उडून जायला कोरडी हवा लागते.

अहमदाबादने २०१३ मध्ये देशातील पहिला शहरी उष्णता आराखडा केला, तो २०१० च्या मे महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ अधिक मृत्यू झाल्यावर. पुढे तिथे झोपडपट्ट्यांतील छपरांना पांढरा, ऊन परतवणारा रंग देण्याचा कार्यक्रमही सुरू झाला. नागपूरच्या कोरड्या, लख्ख उन्हात हा उपाय सहज करून पाहण्याजोगा आहे आणि त्याला वीजही लागत नाही.

पुढच्या उन्हाळ्याची तयारी करताना महापालिकेने ठिय्यावर, इतवारीतल्या हमालांकडे, सीताबर्डीच्या फेरीवाल्यांकडे जाऊन चार प्रश्न विचारावेत. दुपारी कुठे बसता? पाणी कुठे पिता? लघवीला कुठे जाता? रात्री झोप लागते का? पाणपोई, सावलीची जाळी आणि स्वच्छतागृह कुठे हवे, याचा नकाशा त्या उत्तरांतून तयार होईल. इशाऱ्याचा संदेशही मग ‘काळजी घ्या’ एवढ्यावर न थांबता, काम कोणत्या वेळेत उरकावे आणि जवळची सावली कुठे आहे, हे सांगू शकेल.