‘अवांतर’ कोणी ठरवावयाचे?

एखाद्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याची वही उलटीकडून उघडून पाहावी. पुढच्या पानांवर अर्थशास्त्राची टिपणे असतात; परीक्षेच्या हिशोबाने आखलेली, तारखा घातलेली. मागच्या पानांवर मात्र निराळाच पसारा मांडलेला असतो. काल रात्री ऐकलेल्या मारव्याविषयी चार ओळी, कुठल्याशा चित्राची वेडीवाकडी नक्कल, गाझातील उद्ध्वस्त शाळांविषयीच्या बातमीतील दोन वाक्ये, आणि त्यांच्याखाली दोनदा अधोरेखित केलेला एक प्रश्न: माणसे मरत असताना गाणे ऐकत बसणे हा अपराध आहे काय? ही मागची पाने कोणी तपासत नाही. त्यांना गुण नाहीत. शिक्षणसंस्थांच्या भाषेत अशा साऱ्या उद्योगाला एकच शब्द आहे: ‘अवांतर’.

या विद्यार्थ्याला समाजाकडून दोन उत्तरे मिळतात. पहिले उत्तर पालकांचे व प्राध्यापकांचे: आधी पदवी घे, नोकरीला लाग, मग गाणे आणि जगाची चिंता करावयास जन्म पडला आहे. दुसरे उत्तर चळवळीत केस पांढरे झालेल्या कार्यकर्त्याचे असते. रागदारी आणि चित्रे हे सुखवस्तूंचे चोचले आहेत; दूरदेशीच्या घटनांवर ठराव करणारी मंडळी वेगळी आहेत; तू सभासद-नोंदणीचे पुस्तक घे, आणि आवाज बरा असेल तर वक्ते येईपर्यंत चार गाणी म्हणून गर्दी धरून ठेव. वरवर पाहता ही दोन उत्तरे दोन टोकांची वाटतात. वस्तुतः ती एकच आहेत. दोघांच्याही लेखी त्या वहीची मागची पाने अवांतरच. किंबहुना दुसरे उत्तर अधिक घातक होय; कारण पहिले उत्तर देणाऱ्यांनी समाज बदलण्याची प्रतिज्ञा केलेली नाही, दुसऱ्यांनी केलेली आहे.

हा प्रश्न हवेतला नव्हे. त्याची पुरेपूर किंमत मोजलेला एक देश आहे. १९६७ साली चिलीची राजधानी सांतियागो येथील राज्य तांत्रिक विद्यापीठात अभियांत्रिकी शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी एक गायकवृंद उभा केला. ‘इन्ती-इल्लिमानी’ हे त्याचे नाव. या मुलांनी हाती धरली ती वाद्ये अँडीज पर्वतातील आदिवासींची: केना ही बासरी आणि चारांगो हे छोटे तंतुवाद्य. शहरातील प्रतिष्ठित समाज या वाद्यांकडे नाक मुरडून पाहत होता, जसा येथील प्रतिष्ठित समाज हलगीकडे आणि डफाकडे पिढ्यान्‌पिढ्या पाहत आला आहे. यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी केना वाजविण्याचे काही कारण नव्हते. परंतु ज्या वाद्याला समाजाने हीन ठरविले ते आवडीने हाती घेणे, ते नीट शिकणे, त्याच्या सुरांचा अभ्यास करणे ही विषमतेविरुद्धची पहिली कृती असते, हे त्यांना उमगले होते. कोणत्याही अभ्यासक्रमात ते नव्हते.

या पिढीपुढे दोन वडीलधारी उदाहरणे होती. विओलेता पारा ही बाई खेडोपाडी हिंडून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडची गाणी गोळा करीत राहिली. तिने गोणपाटावर भरतकाम करून चित्रे केली, आणि १९६४ साली ती पॅरिसमध्ये लूव्रच्या वास्तूत मांडली गेली. दुसरा व्हिक्टर हारा. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला, आईच्या तोंडून लोकगीते शिकलेला, पुढे विद्यापीठात नाट्यशिक्षण घेऊन दिग्दर्शक झालेला. राजधानीच्या कडेला बेघर कुटुंबांनी जागा ताब्यात घेऊन वसविलेल्या वस्तीवर त्याने १९७२ साली एक अख्खी ध्वनिमुद्रिका केली. त्यासाठी तो त्या वस्तीत गेला, तेथील बायाबापड्यांचे अनुभव त्यांच्याच तोंडून ऐकले आणि त्यांचे शब्द गाण्यांत घेतले. त्याआधी १९७१ साली त्याने व्हिएतनामी जनतेच्या शांततेने जगण्याच्या हक्कावर गाणे केले होते. शेजारची झोपडी आणि हजारो मैलांवरचे व्हिएतनाम यांत निवड करावयाची असते, असे त्याला कधी वाटले नाही. जो शेजाऱ्याचे ऐकतो त्यालाच दूरचे ऐकू येते.

११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने साल्वादोर अलेंदे यांचे निवडून आलेले सरकार उलथून पाडले. हारा त्या दिवशी तांत्रिक विद्यापीठात होता. विद्यार्थी व शिक्षकांसमवेत त्याने रात्र तेथेच काढली. दुसऱ्या दिवशी सैन्याने विद्यापीठ ताब्यात घेतले आणि सर्वांना एका बंदिस्त क्रीडागारात नेऊन कोंडले. तेथे त्याचे हाल करण्यात आले, आणि काही दिवसांतच त्याला ठार मारण्यात आले. त्याच्या देहावर गोळ्यांच्या ४४ खुणा होत्या. मारेकऱ्यांना शिक्षा होण्यास जवळजवळ पन्नास वर्षे लागली. चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने सात निवृत्त लष्करी व्यक्तींवरील शिक्षा कायम केल्या त्या २०२३ च्या ऑगस्टमध्ये. ज्या क्रीडागारात त्याला कोंडले होते ते २००३ पासून त्याच्याच नावाने ओळखले जाते.

एका गवयावर इतक्या गोळ्या कशासाठी? सभेपूर्वी गर्दी धरून ठेवणाऱ्या माणसाला कोणी असे मारीत नाही. गाणे हे अवांतर नाही, हे चळवळीतील अनेकांना कळण्याआधी सेनापतींना कळले होते. त्यांनी ध्वनिमुद्रिका नष्ट केल्या. केना आणि चारांगो या वाद्यांवर अघोषित बंदी आली. ‘इन्ती-इल्लिमानी’ त्या वेळी युरोपच्या दौऱ्यावर होता. त्याला १९८८ पर्यंत मायदेशी परतता आले नाही. मागे राहिलेल्या काही संगीतकारांनी ‘बारोको आन्दिनो’ नावाचा वृंद काढून याच वाद्यांवर बाख वाजवावयास घेतला. बाखवर बंदी घालणे हुकूमशाहीला शोभणारे नव्हते! ज्यांना अभिजात संगीत हे केवळ उच्चभ्रूंचे वाटते, त्यांनी या घटनेचा अवश्य विचार करावा. युरोपच्या अभिजात संगीताने आदिवासींच्या वाद्याला पाठीशी घातले. आणि ज्यांचे मुलगे व नवरे बेपत्ता झाले होते अशा स्त्रियांनी गोणपाटावर चिंध्या शिवून आपली कहाणी चित्रांत मांडली. आर्पियेरा या नावाची ती कापडी चित्रे देशाबाहेर गेली, आणि वर्तमानपत्रांना जे छापता येत नव्हते ते जगाला दिसले. वर्तमानपत्राची मुस्कटदाबी करता येते. गोधडीची कशी करणार?

येथे कोणी म्हणेल, हे चिलीचे झाले. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने आधी आपल्या जिल्ह्याचा दुष्काळ पाहावा, जग नंतर. हा युक्तिवाद ऐकावयास सयुक्तिक वाटतो, पण महाराष्ट्राचा स्वतःचाच इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली तेव्हा ती अर्पण केली गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना. पुण्यातल्या शूद्रातिशूद्रांची व्यथा मांडताना जोतीरावांची नजर अटलांटिकपलीकडे पोहोचली होती. वाटेगावात जन्मलेल्या, शाळेचे तोंडही जेमतेम पाहिलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. मुंबईच्या कामगार वस्तीत उभे राहून व्होल्गाकाठच्या लढाईचे गाणे करणाऱ्या या माणसाला कोणी ‘आधी आपली चाळ पाहा’ असे सांगितले असते, तर तो हसला असता. कारण चाळ त्याच्याइतकी कोणी पाहिलीच नव्हती. १९७२ साली मुंबईत दलित तरुण लेखकांनी संघटना काढली आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्यावरून तिचे नाव ‘दलित पँथर’ ठेवले. मराठी कवितेची भाषा त्या मंडळींनी बदलली. जगाकडे पाहिल्याने त्यांचे आपल्या वस्तीकडे दुर्लक्ष झाले असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

कला ही सुखवस्तूंची मिरास असल्याचा दुसरा आक्षेपही तपासून पाहावा. रागदारीच्या मैफली महाग आहेत आणि चित्रप्रदर्शने शहरांत भरतात, हे खरे. परंतु त्यावरून निष्कर्ष कोणता काढावयाचा? विहिरीवर सवर्णांचा पहारा होता म्हणून महाडला जमलेल्यांनी पाणीच त्याज्य ठरविले नाही. ते तळ्यात उतरले. मारवा हा कोणाच्या बापजाद्यांची इस्टेट नव्हे. राममनोहर लोहियांनी मकबूल फिदा हुसेन यांना श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतून बाहेर पडून रामायण रंगवावयास सांगितले, आणि हुसेन यांनी हैदराबादेत बद्रीविशाल पित्ती यांच्या आश्रयाने ती चित्रे काढली. भाकरीचा लढा लढणाऱ्या या नेत्याला चित्रकलेविषयी बोलणे अवांतर वाटले नाही. गरिबाला भाकरीच हवी, सूर नको, असे म्हणणे ही त्याच्याविषयीची कळकळ नव्हे. ती त्याच्या माणूसपणाविषयीची शंका आहे.

आता तिसरा आक्षेप, आणि तो खराखुरा आहे. गाण्याने सत्ता मिळत नाही. मिळाली तरी टिकत नाही. हे नाकारण्यात अर्थ नाही. चिलीतच पाहावे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये सांतियागोच्या मेट्रोचे भाडे ३० पेसोंनी वाढले, तेव्हा शाळकरी मुलांनी प्रवेशद्वारांवरून उड्या मारून भाडेवाढ झुगारली. आंदोलन देशभर पेटले आणि लाखो लोक रस्त्यावर आले. त्यांच्या ओठांवर गाणे होते ते १९७१ सालचे, व्हिक्टर हाराचे व्हिएतनामवरील. ज्या मुलांचे आईबापही तेव्हा लहान असतील किंवा जन्मलेलेही नसतील, ती मुले ते गात होती. आणि तरीही या आंदोलनातून निघालेला नव्या राज्यघटनेचा मसुदा २०२२ च्या सप्टेंबरमध्ये जनतेने मोठ्या बहुमताने फेटाळला. गाण्याने मतपेटी भरली नाही. पण मग गाण्याने केले काय? १७ वर्षांची हुकूमशाही, जाळलेल्या ध्वनिमुद्रिका आणि मारलेला गवई यांना ओलांडून एका पिढीची आठवण दुसऱ्या पिढीच्या हाती दिली. पराभव झाला तरी लढा पहिल्यापासून सुरू करावा लागू नये, ही सोय गाणे करते. संघटना, कार्यक्रम आणि मतदान यांचे काम गाण्यावर टाकणे हा भाबडेपणा. परंतु गाण्याचे काम ठरावांवर टाकणे हा त्याहून मोठा भाबडेपणा होय.

महाराष्ट्रातील समाजवाद्यांना हे नव्याने शिकावे लागावे, ही खेदाची गोष्ट आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली गावोगाव हिंडून एका पिढीचे मन घडविले. पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य याच कलापथकाने गाजविले. ते कलापथक पुढाऱ्यांची वाट पाहत गर्दी धरून ठेवीत नव्हते. ते पुढाऱ्यांचीच परीक्षा घेत होते. आज सभेच्या व्यासपीठावर गाणे उरले आहे ते ध्वनिवर्धक नीट चालतो की नाही हे पाहण्यापुरते. वक्ता आला की गायकाला हाताने खूण करून थांबविले जाते, कडवे अर्धे राहिले तरी. त्या अर्ध्या कडव्यात चळवळीचे एक सबंध दुखणे सामावले आहे.

राज्यसंस्था मात्र गाफील नाही. पुण्याच्या कबीर कला मंचाच्या कलावंतांना २०२० च्या सप्टेंबरमध्ये बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली अटक झाली, आणि खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच त्यांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली. धर्मांध संघटनाही गाफील नाहीत. मिरवणुकींतील ध्वनिवर्धकांच्या भिंतींतून तरुणांच्या कानांवर काय ओतले जाते, ते कोणत्याही सणाला रस्त्यावर उभे राहून ऐकावे. जी चळवळ तरुणांच्या कानांची काळजी घेत नाही, तिच्या तरुणांचे कान दुसरे कोणी तरी भरतो.

तेव्हा करावयाचे काय? विद्यार्थ्यांच्या शिबिरांत एक संध्याकाळ भाषणाविना ठेवावी आणि त्यांच्या वहीची मागची पाने त्यांनाच वाचू द्यावी. त्यांनी मांडलेल्या मतांना लगेच बरोबर-चूक अशी खूण करू नये. तयार गाण्यांची पुस्तिका हाती देण्याऐवजी त्यांना वस्तीत पाठवावे, जात्यावरची आणि हलगीवरची गाणी ऐकावयास सांगावे. आणि त्याचबरोबर एखादा जाणकार बोलावून मारवा म्हणजे काय तेही समजावून घ्यावे. जगातील घटनांवर चर्चा ठेवावी, पण त्या देशांतील कवी, गवई, चित्रकार यांची नावे माहीत करून घेतल्याखेरीज ठराव लिहू नये. आणि गाणे चालू असताना नेता आला तर त्याने खाली बसून ते शेवटपर्यंत ऐकावे.

वहीच्या मागच्या पानावर अधोरेखित केलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर अजून बाकी आहे. माणसे मरत असताना गाणे ऐकणे हा अपराध नाही. गाणे ऐकूनही त्या माणसांची हाक ऐकू न येणे, हा अपराध आहे. ज्या विद्यार्थ्याने मारवा आणि गाझा एकाच पानावर लिहिले, त्याला दोन्ही ऐकू आले आहे. त्याला ‘अवांतर’ म्हणून परत पाठविण्याचा अधिकार कोणत्याही विद्यापीठाला नाही. आणि समाज बदलण्याची प्रतिज्ञा केलेल्यांना तर मुळीच नाही.