वनाच्छादन आहे, पण वन कोठे आहे?

वातावरणात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भार औद्योगिक क्रांतीनंतर पाश्चात्त्य राष्ट्रांनी टाकला, हे निर्विवाद आहे. परंतु या सत्याच्या आडोशाने आपल्याच डोंगरांवर चालणाऱ्या कुऱ्हाडीकडे डोळेझाक करणे आत्मघातकी ठरेल.

वृक्षाच्या शुष्क वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बनचा असतो. झाड तोडून जाळले, की अनेक दशकांचा हा संचय काही तासांत हवेत जातो. उघड्या पडलेल्या मातीतील कार्बनही हळूहळू मुक्त होतो आणि तो शोषून घेणारे छत्र उरलेले नसते. अशी ही दुहेरी हानी आहे.

२०२३ च्या भारतीय वनस्थिती अहवालानुसार देशाचे वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे भूभागाच्या २१.७६ टक्के आहे. आकडा समाधान देणारा खराच. पण त्यामागील व्याख्या पाहावी. किमान एक हेक्टर क्षेत्रावर दहा टक्के वा अधिक वृक्षछत्र असले, की ते वनाच्छादन! वृक्ष कोणते, हा प्रश्नच नाही. दोडामार्ग परिसरात मिश्र जंगल तोडून रबराची लागवड झाली. रबर वाढताच नकाशा पुन्हा हिरवा होतो. परंतु पिढ्यान्‌पिढ्या साठलेला कार्बन आणि जीवसृष्टी त्याबरोबर परत येत नाही. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील वृक्षतोडीवर २०१३ साली उच्च न्यायालयाला बंदी घालावी लागली, हे विसरता येणार नाही.

पश्चिम घाटासाठी २०११ मध्ये डॉ. माधव गाडगीळ समितीचा व २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला. त्यानंतर २०१४ ते २०२४ या काळात अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. मसुद्यांनी डोंगर वाचत नाहीत.

आपल्या पूर्वजांनी कोणत्याही अधिसूचनेविना देवराया राखल्या. त्यामागे श्रद्धा होती, तशीच गावाची सामूहिक शिस्तही होती. आज मात्र केवळ श्रद्धेचा दाखला देऊन भागणार नाही. कोकणातील बरेच जंगल खासगी मालकीचे आहे. घरातील आजारपण वा लग्नकार्य निघाले, की शेतकरी रान ठेकेदाराला विकतो. त्याला दोष देण्यापूर्वी, उभे रान राखण्याचा मोबदला समाजाने व शासनाने त्याला द्यायला हवा.

पावसाळ्यात रोपे लावून छायाचित्रे काढणे सोपे आहे. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील एक तरी जुने रान वा देवराई निवडून ती राखण्याचा संकल्प करावा. लावलेल्या शंभर रोपांपेक्षा वाचवलेले एक जुने रान अधिक मोलाचे आहे.