होडी ओढतं कोण?

पालीतल्या आमच्या गटाच्या बैठकीत मी एका जुन्या छापील चित्राची प्रत नेली होती. थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे इंग्रज चित्रकार 1788 मध्ये कलकत्त्याहून नावेने गंगेच्या उलट प्रवाहात निघाले. वाटेत रेखाटने केली. मायदेशी परतल्यावर ती तांब्याच्या पत्र्यांवर आम्लाने कोरून छापली. 1795 ते 1808 या काळात ‘ओरिएंटल सीनरी’ या मालिकेत अशी 144 रंगीत चित्रे निघाली. हे त्यांतलेच एक. संथ नदी, नावा, वर भले मोठे आभाळ आणि काठावर मुंगीएवढी माणसे.

जाणकार अशा चित्रांना ‘रम्य’, ‘रोमँटिक’ म्हणतात. एका मावशींनी ते हातात घेतले, निरखून पाहिले आणि विचारले, “ताई, पाणी उलटं असलं तर होडी ओढतं कोण?”

मैत्रिणींनो, चित्र वाचायला याहून नेमका प्रश्न नाही. त्या काळी वारा पडला की नावाडी काठावर उतरत, दोर खांद्यावर घेऊन चिखलातून नाव ओढत. चित्रकाराचा निवांतपणा त्या दोरावर चालत होता. आणि पाणवठ्यावरची बाई? ती या नजरेला फक्त शोभेपुरती लागते.

हे आपल्यापासून फार लांबचे नाही. हेच दोघे 1793 मध्ये मुंबईला आले. साष्टी बेटावरच्या लेण्यांची चित्रेही याच मालिकेत आहेत. आपली पाली त्याच साष्टीच्या वायव्य टोकाला. ती नजर अजून येथे येते, आता तिच्या हातात कॅमेरा असतो. रविवारचे पाहुणे मावळतीच्या होड्या टिपतात आणि वलांडीवर बोंबील टाकणाऱ्या बाईजवळून नाकाला रुमाल लावून जातात.

सौंदर्य पाहणे हा गुन्हा आहे का, असे कोणी विचारील. मुळीच नाही. पण कामाची जागा एकदा ‘देखावा’ ठरली की पुढे ती ‘मोकळी जागा’ ठरायला वेळ लागत नाही. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेने मासळी सुकवण्याच्या जागा किनारा आराखड्यात दाखवायला सांगितले, ते उगाच नव्हे. जे कागदावर नाही, ते हलवताना कोणाला विचारावे लागत नाही. उत्तन-विरार सागरी सेतूचे आराखडे आखले जात असताना हे विसरून चालणार नाही.

दोष फक्त चित्रकारांना देऊन मी सुटणार नाही. एमएसडब्ल्यू करताना एका पाहणीत, पहाटे मासळी घेऊन बाजाराला निघणाऱ्या बाईच्या नावापुढे मी ‘गृहिणी’ लिहिले. तिच्या नवऱ्यापुढे ‘मच्छीमार’. तिने विकलेल्या मासळीवर घर चालत होते, आणि माझ्या तक्त्यात ती मुंगीएवढीही नव्हती!

म्हणून पुढच्या बैठकीला आम्ही गावाचा नकाशा पसरणार आहोत. वलांडी कुठे, बर्फ कुठे मिळतो, बाजारात बसायची जागा कुठे, शौचालय कुठे, याच्या खुणा बायका स्वतः करतील. तुमच्या गावातही हे करा. आणि प्रत्येक सुंदर चित्रासमोर, सरकारी आराखड्यासमोर आणि आपल्या स्वतःच्या अहवालासमोरही मावशींचाच प्रश्न विचारा: होडी ओढतं कोण?