आधी चष्मा, मग लेसर

महागडा लेसर घेऊन चष्म्यात काटकसर करणे मला घातक वाटते. नुसती रंगीत काच म्हणजे संरक्षण नव्हे. चष्म्यावर तरंगलांबी व प्रकाशीय घनता छापलेली हवी. घनता ४ म्हणजे त्या तरंगलांबीचा फक्त दहा-हजारांश प्रकाश पार जातो. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर १०६४ नॅनोमीटरच्या अवरक्त किरणांपासून तयार होतो. स्वस्त उपकरणातून हे अदृश्य किरणही निसटू शकतात. तेव्हा चष्म्याने दोन्ही अडवायला हवेत. तो परवडत नसेल, तर खात्रीच्या दुकानातून १ मिलिवॅटहून कमी शक्तीचा तांबडा लेसर घ्या. विवर्तनाचा प्रयोग त्यावरही छान होतो. मात्र झोतात कधीच पाहू नका. दृष्टिपटल भाजले तरी दुखत नाही, आणि गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही.