मेल्यावर दोन लाख, जगवायला काय?



मार्च ते मे आंबा उतरायचे दिवस. फांदी मोडते, झेला घेतलेला गडी खाली येतो. कुणाला रानडुकराचा सुळा लागतो, कुणाच्या मांडीत कोयती शिरते. खातेदार शेतकरी असा दगावला, तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेत २०२३ पासून वारसाला २ लाख रुपये सानुग्रह अनुदान आहे. ते मिळालेच पाहिजे. आमचा प्रश्न त्याआधीचा आहे : माणूस जिवंत असतो त्या पहिल्या तासात त्याच्या वाट्याला काय येते?

प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त. त्यातले २ लिटर गेले की जीव टांगणीला. उघडी जखम निदान दिसते. पोटात प्लीहा किंवा यकृत फाटले तर बाहेर थेंबही येत नाही. 'काही नाही' म्हणत माणूस उठून बसतो. मग गार घाम, तहान, पांढराफटक चेहरा, कडक पोट. तेव्हा पाणी पाजणे, पोट चोळणे ही माया घात करते.

वाडीवर एवढे करा. जखमेवर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरा, उचलून पाहू नका. हळद, चुना भरू नका. घुसलेली वस्तू उपटू नका. आतडे बाहेर आले तर आत कोंबू नका, ओल्या स्वच्छ फडक्याने झाका. पडलेल्याची मान-पाठ न वाकवता फळीवर घ्या. तोंडात काही घालू नका. १०८ ला फोन लावा.

पुढचे काम सरकारचे. १०८ ची गाडी २०१४ पासून धावते, पण ती पाखाडी चढत नाही. ट्रानेक्झामिक ॲसिड हे स्वस्त औषध ३ तासांच्या आत दिले तर रक्तस्रावाचे मृत्यू घटतात, हे २०१० साली २० हजारांवर जखमींच्या चाचणीत दिसले. पण फाटलेली प्लीहा औषधाने सांधत नाही. त्याला सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्त लागते, आणि तेही रात्री.

रत्नागिरीत २०२३ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, बरे झाले. पण मंडणगडच्या जखमीला अख्खा जिल्हा ओलांडायला लावणार काय? नऊही तालुक्यांत हे औषध, रक्तसाठा आणि रात्री पोट उघडू शकणारा डॉक्टर कुठे आहे, याचे लेखी उत्तर आपण मागू या. वारसाला चेक देणाऱ्या सरकारने आधी वारसाच्या बापाला वाचवून दाखवावे.