बँकेने कापलेले पैसे हक्काने परत मागा

तागा मोजताना अर्धा मीटर कमी भरला तर आपण तो बिलातून कापून घेतो. सूतवाल्याने वजनात कमी माल दिला तर त्याच दिवशी दलालाला बोलावतो. पण तोच व्यापारी बँकेच्या पासबुकात तीनशे-चारशे रुपये कापलेले पाहतो आणि 'जाऊ द्या' म्हणून पान उलटतो. बँकेचा हिशोब चुकत नाही अशी आपली समजूत आहे. ती महागात पडते.

मी स्वतःही त्याच समजुतीत होतो. माझ्या विधवा बहिणीचे एका बँकेत बचत खाते आहे. नातीच्या कॉलेजच्या फीसाठी तिने त्यात २,००० रुपये भरले. दुसऱ्या दिवशी काढायला गेली तेव्हा शिल्लक निघाली ७९४ रुपये. ती दुकानावर आली आणि म्हणाली, "भाईजान, माझ्याच पैशांवर मी कुणाचे देणे लागत होते?"

स्टेटमेंट काढले. नोंदी इंग्रजीतल्या आखूड अक्षरांत. माझे शिक्षण उर्दू शाळेतले, पण आकडे सगळ्या भाषांत सारखेच असतात. खात्यात २१० रुपये होते. किमान शिल्लक नाही म्हणून चार तिमाहींत दर वेळी ३०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५४ रुपये कापले होते. चार वेळचे १,४१६. खाते उणे १,२०६ वर गेले होते. तिने पैसे भरताच बँकेने आपली 'वसुली' करून घेतली.

शाखेतल्या साहेबांनी सांगितले, "सिस्टीमने कापले, आमच्या हातात नाही." पण सिस्टीमलाही कायदा असतो. किमान शिल्लकीच्या दंडाबद्दल रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू आहेत. एक, शिल्लक कमी झाली की बँकेने ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचे आणि ती भरून काढायला एक महिना द्यायचा. दोन, दंड जितकी तूट असेल त्या प्रमाणात हवा, सर्वांना सरसकट एकच नाही. तीन, केवळ या दंडामुळे बचत खाते उणे होता कामा नये. माझ्या बहिणीच्या खात्यात हे तिन्ही नियम मोडले होते.

मी साध्या कागदावर अर्ज लिहिला. तारखा, रकमा आणि कोणता नियम मोडला, एवढेच. राग नाही, उपदेश नाही. एका प्रतीवर पोच आणि शिक्का घेतला. मॅनेजरने निम्मे पैसे देण्याची तयारी दाखवली. मी नाही म्हटले. तीस दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तेव्हा भाच्याने रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, ज्याला बँकवाले ओम्बड्समन म्हणतात, संगणकावरून तक्रार केली. काही दिवसांतच बँकेचा फोन आला आणि पूर्ण १,४१६ रुपये खात्यात जमा झाले. खर्च झाला तो झेरॉक्सचा.

वाचकांनी ही वाट नीट समजून घ्यावी. लोकपालाची एकत्रित योजना १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झाली. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे. बँकेने ती फेटाळली, उत्तराने समाधान झाले नाही किंवा तीस दिवस उत्तरच आले नाही, तर लोकपालाकडे जाता येते. ऑनलाइन जमत नसेल तर टपालाने, आपल्या भाषेत लिहूनही तक्रार पाठवता येते. १४४४८ या क्रमांकावर मराठीत माहिती मिळते. पुढच्या पायरीलाही मुदत असते, म्हणून कागद कपाटात ठेवून बसू नये.

तक्रार लिहिताना एक चूक टाळावी. इंग्लंडमध्ये २००६-०७ च्या सुमारास हजारो खातेदारांनी ओव्हरड्राफ्टचे दंड छोट्या दाव्यांच्या न्यायालयात परत मागितले आणि पुष्कळ बँकांनी निकालाआधीच पैसे देऊन टाकले. पण २५ नोव्हेंबर २००९ रोजी तिथल्या सुप्रीम कोर्टाने ठरवले की हे शुल्क म्हणजे बँकेच्या सेवेच्या किमतीचाच भाग आहे, म्हणून त्याची रक्कम योग्य की अयोग्य हे त्या नियमांखाली तपासता येणार नाही. दाव्यांची लाट तिथे ओसरली. आपला लोकपालही बँकेच्या व्यापारी निर्णयात पडत नाही. म्हणून 'शुल्क फार आहे' असे लिहू नका. 'शुल्क अमुक नियम मोडून घेतले' असे लिहा.

व्यापाऱ्यांच्या कर्जखात्यांनाही असेच नियम आहेत. हप्ता चुकल्यास व्याजदरावर दंडव्याज चढवता येत नाही. दंड वेगळे शुल्क म्हणून घ्यायचा आणि त्यावर पुन्हा व्याज लावायचे नाही, हा नियम नव्या कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. कर्ज मंजूर झाल्या दिवसापासून नव्हे, तर पैसे हातात आल्यापासूनच व्याज धरावे, असे रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात बजावले आणि जादा घेतलेले परत करायला सांगितले. आपली सी.सी. आणि टर्म लोनची स्टेटमेंट या नजरेने एकदा वाचून पाहा. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, पण धंद्याच्या खात्यासाठी गेल्यास 'तुम्ही ग्राहकच नाही' असा आक्षेप येऊ शकतो. व्यापाऱ्याला लोकपालाचा रस्ता अधिक सरळ पडतो.

आमचे एक कारखानदार मित्र म्हणतात, "बँकेशी कशाला बिघडवता? उद्या सी.सी. रिन्यू करायची आहे." ही भीती खोटी नाही, मीही ती बाळगली आहे. पण ज्या सूतवाल्याशी आपण वजनावरून भांडतो, त्याच्याकडूनच दुसऱ्या महिन्यात उधारीवर माल घेतो. हिशोब मागणे म्हणजे वैर नव्हे. उर्दूत म्हण आहे, 'हिसाब जौ जौ, बख्शिश सौ सौ'. द्यायचे तर शंभर द्यावेत, पण हिशोबात जवाचा दाणाही सोडू नये.

जुलै २०२४ मध्ये सरकारने संसदेत सांगितले की २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी किमान शिल्लकीच्या दंडापोटी सुमारे ८,५०० कोटी रुपये घेतले. स्टेट बँकेने हा दंड मार्च २०२० मध्येच सोडला होता, २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल व बडोदा बँकेनेही सोडला. म्हणजे या दंडावाचून बँक चालते. ज्यांच्या खात्यात पैसे नाहीत, त्यांच्याकडूनच पैसे नसल्याबद्दल ही रक्कम गोळा झाली.

आपल्या मागावाल्या कामगाराला, घरातल्या बाईमाणसाला हे स्टेटमेंट वाचता येत नाही. ज्याला वाचता येते त्याने या आठवड्यात फक्त एका शेजाऱ्याचे पासबुक वाचून द्यावे. माझी बहीण १,४१६ रुपये मिळाले म्हणून खूश झाली, पण आपण कुणाचे देणे लागत नव्हतो, हे कळल्याने तिला जास्त बरे वाटले.