मंडईचे नाव

पुण्यात रिक्षावाल्याला ‘महात्मा फुले मंडई’ असे पूर्ण नाव सांगणारा माणूस बहुधा परगावचा समजावा. पुणेकर नुसते ‘मंडई’ म्हणतो आणि रिक्षात बसतो. २०२४ साली मेट्रो जमिनीखालून येऊन पोहोचली, तरी बोलण्यातली मंडई मंडईच राहिली. यावरून आमचे काही मित्र असे अनुमान काढतात की थोरांची नावे इमारतींना देणे हा निव्वळ पाट्या रंगविण्याचा उद्योग आहे. मला मात्र हा प्रश्न इतक्या झटपट निकालात काढता येत नाही.

मुळात ही मंडई फुल्यांच्या नावाने बांधलीच गेली नव्हती. पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मैदानात उघड्यावर भरे. तो छपराखाली आणण्यासाठी नगरपालिकेने १८८२ च्या सुमारास इमारतीचे काम काढले. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्यातून फुटणाऱ्या आठ बाहू अशी ती वास्तू १८८६ साली खुली झाली आणि तिला नाव मिळाले ‘रे मार्केट’. हे लॉर्ड रे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले १८८५ साली. म्हणजे योजना आधीची, पायाही आधीचा आणि नाव मात्र आदल्या वर्षी आलेल्या साहेबाचे! रे साहेब माणूस वाईट होते असे नव्हे. पण या मंडईत त्यांचे म्हणावे असे काय होते?

याच नगरपालिकेत १८७६ पासून काही वर्षे जोतीराव फुले सभासद होते. मंडईवर होणाऱ्या खर्चाला त्यांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. ते मानले गेले नाही. मंडईचे बांधकाम चालू असतानाच, १८८३ साली, त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. ज्याचा माल त्या नव्या गाळ्यांत विकला जायचा होता त्याच शेतकऱ्याची ही कैफियत.

पुढे १९३८ साली आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे ‘महात्मा फुले मंडई’ झाले. (याच अत्र्यांनी १९५४ साली फुल्यांवर चित्रपटही काढला.) तेव्हा ज्याने या इमारतीला विरोध केला त्याचेच नाव तिच्यावर चढले. यात विसंगती आहे, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. फुल्यांचे घराणे मूळचे गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरविण्याच्या धंद्यावरून ते ‘फुले’ झाले. भाजी, फुले, मळा, माळी यांच्या बाजाराला लॉर्ड रे यांच्यापेक्षा हेच आडनाव शोभते.

परदेशातले एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. कॅनडा आणि अमेरिका यांच्या सरहद्दीवर प्रशांत महासागराचे पाणी आत शिरून एक मोठा आंतरसमुद्र झाला आहे. त्याच्या तुकड्यांना गोऱ्या खलाशांनी आपापल्या मर्जीने नावे दिली. १७९२ साली व्हँकुव्हर आला, त्याने एका भागाला राजा जॉर्जचे नाव दिले आणि दुसऱ्या भागाला आपल्याच लेफ्टनंट प्युजेटचे. तेथे हजारो वर्षे मासेमारी करणाऱ्यांचा कोणाला आठवही झाला नाही. १९८८-८९ च्या सुमारास बर्ट वेबर या सागरी जीवशास्त्रज्ञाने सुचविले की हे सारे पाणी एकच आहे, एका बाजूचे प्रदूषण दुसऱ्या बाजूला पोहोचते, तेव्हा त्याला एकच नाव असावे : सॅलिश समुद्र. २००९-१० मध्ये दोन्ही देशांनी ते स्वीकारले.

त्यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. एक, जुनी नावे पुसली गेली नाहीत; नवे नाव त्यांच्यावर पांघरले गेले. दुसरी अधिक मौजेची. ‘सॅलिश’ हा शब्द मूळचा समुद्रकाठचा नव्हेच. तो दूर आत, मोंटानातल्या एका जमातीचा. भाषातज्ज्ञांनी तो साऱ्या भाषाकुळाला लावला आणि तेथून तो किनाऱ्यावर आला. म्हणजे मानही दिला तो इतरांनी निवडलेल्या शब्दाने. आणि माशांवरचा हक्क? तो नावाने मिळाला नाही. तो १९७४ साली न्यायमूर्ती बोल्ट यांच्या निकालाने मिळाला, नकाशावर नाव येण्याच्या पस्तीस वर्षे आधी. त्या निकालाने वॉशिंग्टन राज्यातल्या जमातींचा, जुन्या करारांच्या आधारे, निम्म्या माशांवरचा हक्क मान्य केला.

नवे नाव जुन्यावर पांघरण्याला आपल्याकडे शब्द आहे, ‘नामविस्तार’. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ साली झाला आणि तो अमलात यायला १९९४ उजाडले. मधल्या काळात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मेली. नावात काहीच नसते, तर एवढे रक्त सांडले असते काय? नावाला किंमत नाही असे जे म्हणतात, त्यांच्या घराण्याचे नाव बहुधा कुठल्या तरी पाटीवर आधीच असते. असो.

मंडईत एका भाजीवाल्या मावशींना मी विचारले, “फुले मंडई म्हणायचे की नुसते मंडई?” त्या म्हणाल्या, “बाळा, मंडई म्हण. पण फुले आमचेच.” वजनात दोन मिरच्या जास्तच टाकल्या.

तेव्हा लोकांनी पूर्ण नाव घ्यावे, असा माझा आग्रह नाही. माझी तक्रार वेगळी आहे. नाव राहिले आणि वाद गेला. जोतीराव या इमारतीच्या विरोधात का उभे राहिले, हे आमच्या वर्गातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. पुतळ्याला हार घालणे सोपे. शाळेसाठी पैसा मागणारे त्यांचे म्हणणे आजच्या अंदाजपत्रकासमोर ठेवणे अवघड. मंडईत शिरताना दिसेल असा मोठा फलक लावावा : रे मार्केट, १८८६, महात्मा फुले मंडई, १९३८, आणि खाली फुल्यांचा विरोध, कारणासह. मजकूर आमच्या मराठी विभागाने लिहावा, इतिहास विभागाने तपासावा. खर्चाचा प्रश्न निघालाच, तर स्नेहसंमेलनातल्या मंडपाचे एक दालन कमी करावे.